बारा शब्दांचं वाक्य

४ फेब्रुवारी

ही वही आईच्या मापांच्या वह्यांमधली. पहिल्या दोन पानांवर कोणाच्या तरी पँटची मापं आहेत आणि खाली आईच्या अक्षरात शेरा : "पोट वाढणार, शिलाईत जागा ठेवणे." मी ती पानं फाडायला निघाले होते. आई म्हणाली, "राहू दे. तूही आता नोकरीला लागलीस. जागा ठेवूनच वाग."

सनद मिळून तीन आठवडे झाले, पण बसायला खुर्ची आज मिळाली. तिचा एक पाय आखूड आहे. त्याखाली कायद्याचं एक जाडजूड जुनं पुस्तक सरकवलंय. पहिल्याच दिवशी कायद्याचा असा आधार मिळाला.

कचेरी चष्म्याच्या दुकानावर, दोन खोल्यांची. आतल्या खोलीत साहेब. वय सत्तर, वकिली अठ्ठेचाळीस वर्षांची, चष्मा कायम कपाळावर. बाहेरच्या खोलीत मी आणि टकटकमावशी. त्या एकतीस वर्षं इथे टायपिंग करतात. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, पण त्या बटणं अजून जुन्याच जोराने हाणतात. खालच्या चष्मेवाल्याचं म्हणणं, नोटीस टाइप व्हायला लागली की त्याच्या काचा थरथरतात.

इथे कुठलाही कागद कोरा सुरू होत नाही. भिंतीलगतच्या कपाटात नमुने आहेत, क्रमांक घातलेले. साहेब आतून ओरडतात, "नमुना सतरा!" मावशी सतरा काढतात, नावं बदलतात, झाला कागद. आज मला तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराचं खरेदीखत उतरवायला दिलं. त्यात घर विकलं होतं ते "जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह". मी विचारलं, "साहेब, तिसऱ्या मजल्यावर तृण कुठे असणार?"

साहेब म्हणाले, "असू द्या. उद्या उगवलं तर?"

शेवटी, घर विकणारा हे सगळं "राजीखुशीने व अक्कलहुशारीने" लिहून देतो. त्या माणसाने सही केली आणि मला हळूच विचारलं, "ताई, घर विकलं ना मी नक्की?"

५ फेब्रुवारी

आपण वकील का झालो, हे एकदा इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढेमागे विसरायला नको.

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. मी आठवीत असताना त्यांच्या कंपनीने सगळ्यांकडून एका कागदावर सही घेतली. बाबांना वाटलं, हजेरीचा आहे. त्यात मधेच कुठेतरी लिहिलं होतं की रविवारची सुट्टी आम्ही आपणहून सोडतो. चार वर्षं बाबा रविवारी घरी नव्हते. मी बी.ए. करताना तो कागद शोधून वाचला, तेव्हा मलाही ते वाक्य तिसऱ्या खेपेला सापडलं. बाबा यावर हसतात. म्हणतात, "काही म्हण, सही मात्र फार सुंदर आली होती."

मला हसू येत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नाही. मी चढले ती कागद समजावेत म्हणून, आणि आता हे असले कागद मीच लिहिणार?

८ फेब्रुवारी

बाबांमुळे एक नियम सापडला. संध्याकाळी ते एका लिफ्टमध्ये लावायची सूचना पुठ्ठ्यावर लिहीत होते. कंपनीचा मजकूर असा होता : "तांत्रिक बिघाडामुळे उद्वाहन स्थगित झाल्यास प्रवाशांनी विचलित न होता आपत्कालीन संपर्क यंत्रणेचा अवलंब करावा." बाबांनी लिहिलं, "घाबरू नका. लाल बटण दाबा. माणूस येतोय."

मी म्हटलं, "बाबा, हे फार छान आहे."

"छान कशाला? अडकलेला माणूस वाचणार ते. त्याला कुठे धीर असतो?"

कागद वाचणारा प्रत्येक जण थोडाफार अडकलेलाच असतो! मग ठरवलं, एका वाक्यात बारापेक्षा जास्त शब्द नाहीत. बाराच का, तर आई टाके मोजते तसं मोजता येतं. एका हाताची चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, अंगठा मोजायला. वाक्य हातात मावलं पाहिजे.

मावशींना हे सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे तुझ्यासारखी बोटं वापरून बोलायचं? मुली, आमच्या साहेबांचं एक वाक्य मोजायला सगळ्या चाळीची बोटं लागतील." कचेरीत सगळे मला वकीलबाई म्हणतात, मावशी मात्र मुलीच म्हणतात. थोडा राग येतो. नंतर त्या पोस्टाच्या नोंदी करत बसल्या. ओठ हलत होते आणि अंगठा बोटांवरून फिरत होता. माझी टिंगलच, दुसरं काय.

११ फेब्रुवारी

आज जिभेवर ताबा राहिला नाही.

सकाळी दोन भाऊ आले. त्यांचं सायकलचं दुकान आहे, दुरुस्ती आणि विक्री, वडिलांच्या वेळेपासून. दुकानाची वाटणी करायची म्हणाले. दोन महिने एकमेकांशी बोलत नाहीत. बोलायचं झालं तर तिसऱ्याकडे बघून बोलतात. "यांना सांगा", "यांना विचारा". थोरले साठीला टेकलेले, गुडघा धरून चालतात. धाकटे पन्नाशीचे, बोलताना जरा धाप लागते. आले मात्र एकाच सायकलवरून, धाकटे पुढे, थोरले मागे कॅरिअरवर. वाहनाची अडचण असावी.

मावशी खिडकीतून बघत होत्या. "वाटणी करायला डबलसीट आलेत," एवढंच म्हणाल्या.

साहेबांनी नमुना नऊ काढायला सांगितला. अकरा पानं. सुरुवातच अशी : "उभयतांमध्ये सांप्रत काही अपरिहार्य कारणास्तव सदरहू मिळकतीचे सरसनिरस वाटप करणे इष्ट वाटल्यावरून..." भाऊ गेल्यावर मी विचारलं, "साहेब, हे सोप्या भाषेत लिहिलं तर?"

"अहो विदुषी, अठ्ठेचाळीस वर्षांत माझ्या एकाही कागदावर कोणी शंका काढलेली नाही."

"कारण तो कोणाला कळलेलाच नाही, साहेब."

बाहेरची टकटक थांबली. साहेबांनी कपाळावरचा चष्मा चाचपला, पण डोळ्यांवर घेतला नाही. मग फार गोड आवाजात म्हणाले, "ठीक. हा कागद तुम्ही लिहा, तुमच्या भाषेत. अठ्ठावीस तारखेला दोघांनी सह्या केल्या तर कचेरीचे सगळे भाडेकरार पुढे तुमच्या भाषेत. नाही केल्या तर वर्षभर माझे नमुने जसेच्या तसे उतरवायचे आणि सोप्या भाषेचं नावही काढायचं नाही. कबूल?"

"कबूल."

"तोंडी कशाला?" मावशी दारातून म्हणाल्या. "वकिलाच्या कचेरीत तोंडी? कागद करू की."

साहेब खूश झाले. मला मावशींचा रागच आला. आधीच बुडणाऱ्याच्या गळ्यात धोंडा.

१२ फेब्रुवारी

कागद झाला. नमुना बत्तीस, चार पानं. मी "लिहून देणार कनिष्ठ वकील", साहेब "लिहून घेणार ज्येष्ठ वकील". साहेबांनी फोनवर बोलता बोलता सही केली. मीही केली. अटी कालच ठरल्या होत्या, आणि समोर भाऊ येऊन बसले होते.

"वाचलंस का, मुली?" मावशींनी विचारलं.

"हो, हो."

"बरं," म्हणाल्या, आणि कागद खणात ठेवून कुलूप लावलं. कुलूप कशाला, काय माहीत.

१६ फेब्रुवारी

दुकानात जाऊन मापं घेतली. नमुन्यातून नाही, जागेवरून लिहायचं.

दुकान एकच लांबट खोली. पुढे नव्या सायकली, मागे दोन पायऱ्या चढून दुरुस्ती. थोरले चाक अधांतरी फिरवतात, आऱ्यांवर नुसतं बोट टेकवतात आणि आवाजावरून सांगतात की कुठला आरा ढिला आहे. मी जमिनीवर खडूने भिंतीची रेघ मारली. ती बरोबर हवेच्या पंपावर आली. पंप एकच आहे. दोघांनी पंपाकडे पाहिलं, मग छताकडे.

खरी अडचण पुढेच आली. मी विचारलं, पुढचा भाग कोणाला?

थोरले मला म्हणाले, "यांना द्या. मागे धूळ असते. यांची छाती लहानपणापासून नाजूक."

धाकटे मला म्हणाले, "यांना द्या. मागे पायऱ्या आहेत. यांच्या गुडघ्याला झेपत नाहीत."

"अहो, पण मागचा भाग कोणीतरी घ्यायला हवा ना?"

दोघं एकदम म्हणाले, "मी घेतो."

कॉलेजात शिकवलं होतं की प्रत्येक पक्ष स्वतःचा फायदा बघतो. या दोघांना हे कोणी सांगितलेलं दिसत नाही. कलम तीन मी चारदा लिहिलं आणि चारदा खोडलं. माझ्याच भाषेत काहीतरी कमी असणार.

१७ फेब्रुवारी

कलम तीन पुन्हा खोडलं.

१९ फेब्रुवारी

मावशींनी आज आपणहून विचारलं, "कुठवर आली गं वाटणी?" मी सांगितलं की पक्षकार उलट्या दिशेने भांडतात. त्या इतक्या हसल्या की चष्मा पुसावा लागला. मला वाईट वाटलं. माणूस अडचणीत असताना असं हसू नये. मग म्हणाल्या, "एकतीस वर्षं इथे भांडणं बघतेय मी. खरं भांडणारे दोन भाऊ या जिन्यावरून एका वेळी चढत नाहीत. एक गेल्यावर दुसरा येतो." मला त्या नेमकं काय सुचवतायत ते कळलं नाही. बहुधा भेटीच्या वेळा वेगळ्या द्याव्यात असं असेल.

२० फेब्रुवारी

मावशींच्या सूचनेप्रमाणे दोघांना वेगळ्या वेळा दिल्या, धाकट्यांना दहाची, थोरल्यांना अकराची. दोघं दहालाच आले. थोरले तासभर जिन्यात बसून राहिले. सायकल एकच आहे म्हणाले.

२२ फेब्रुवारी

नमुन्यातलं "काही अपरिहार्य कारणास्तव" मला खटकत होतं. कसलं कारण? ज्यासाठी माणसं दुकान मधोमध कापतात ते कारण कागदावर एका वाक्यात यायलाच हवं. म्हणून आज दोघांना एकेक चिठ्ठी दिली. लिहा म्हटलं, आपण हे का करतोय?

थोरल्यांनी लिहिलं : "धाकट्याला वेगळं व्हायचं आहे म्हणून."

धाकट्यांनी लिहिलं : "दादाला वेगळं व्हायचं आहे म्हणून."

झाली का पंचाईत! दोन कारणं, एकमेकांशी न जुळणारी. दोन तास "उभयतांना" घालून बघितलं. तेही खरं होईना, कारण स्वतःला वेगळं व्हायचंय असं कोणीच लिहिलेलं नाही. शेवटी ठरवलं, पदरचं काही घालायचं नाही. दोघांचंही जसंच्या तसं लिहायचं. पहिल्या परिच्छेदात आता दोन वाक्यं आहेत. एकेक सहा शब्दांचं.

२५ फेब्रुवारी

मसुदा घरी वाचून दाखवला. आईने मशीन थांबवलं, तोंडातली टाचणी काढली. आईची एक सवय आहे. कोणालाही कामाला पाठवायचं तर आधी त्याच्याकडून काम परत वदवून घेते. "काय आणायचं? सांग बघू." बाबांना अजूनही दाराशी उभं करून वदवते.

मी कलम चार वाचलं, पंपाचं. आई बाबांना म्हणाली, "काय कळलं? सांगा बघू."

बाबा म्हणाले, "पंप एकाचा. दुसऱ्याला लागला तर भिंतीच्या खिडकीतून नळी द्यायची."

"म्हणजे भिंत बांधायची आणि तिला भोक पाडायचं?" आई म्हणाली. "मग भिंत कशाला?"

"आई, ते दोघांनी ठरवायचं. मी फक्त लिहितेय."

"वकीलबाई, शिवायला बसलं की कळतं कापड कुठे ओढलं जातंय. तुला नाही कळत?"

कापडाचं मला खरंच कळत नाही. पण वदवून घेण्याची युक्ती चांगली आहे. सह्यांच्या दिवशी प्रत्येक परिच्छेद मी वाचणार आणि समोरच्याने तो आपल्या शब्दांत परत सांगायचा. म्हणजे न समजता सही होणार नाही.

२७ फेब्रुवारी

उद्या. सकाळपासून अन्न गोड लागत नाही. कागद दोन पानांचा झालाय. अकराची दोन. पण हरले तर? वर्षभर तृण, काष्ठ, पाषाण. माझ्यामागून येणाऱ्या कोणालाही साहेब सांगतील, एकीने करून बघितलं होतं, जमलं नाही. मला माझ्यापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटते. लाल बटण कुठे असतं?

२८ फेब्रुवारी

सगळं नीट लिहून काढते, म्हणजे कुठे चुकलं ते कळेल.

अकरा वाजता सगळे साहेबांच्या खोलीत जमले. साहेब खुर्चीत, चष्मा कपाळावर, चेहऱ्यावर हसू. मावशी साक्षीदार म्हणून दाराशी. भाऊ समोर, दोघांच्या मध्ये एक रिकामी खुर्ची. पेन मी दोन आणली होती.

मी सांगितलं की मी वाचीन आणि तुम्ही परत सांगायचं. मग पहिला परिच्छेद वाचला. "थोरले म्हणतात, धाकट्याला वेगळं व्हायचं आहे. धाकटे म्हणतात, दादाला वेगळं व्हायचं आहे."

"आता सांगा," मी थोरल्यांना म्हटलं, "काय कळलं?"

थोरले म्हणाले, "यात असं लिहिलंय की मला... मला? मला कुठे वेगळं व्हायचंय?"

धाकटे मला म्हणाले, "मग यांना विचारा, 'जायचं तर जा' कोण म्हणालं?"

"यांना विचारा, दुसरीकडे दुकान बघायला कोण गेलं होतं? चोरून! मला सायकल रंगवणाऱ्याकडून कळलं!"

"यांना सांगा, ते दुकान तळमजल्यावर आहे! आत एकसुद्धा पायरी नाही! कोणाच्या गुडघ्यासाठी गेलो होतो मी? माझ्या?"

थोरले माझ्याकडे न बघता, सरळ बाजूला वळून म्हणाले, "बाळ्या, गाढवा, मग तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"सांगू देत होतास कुठे? 'जा' म्हणालास आणि पाना आपटलास!"

"पाना हातातून निसटला होता!"

"दोन महिने निसटलेला होता?"

पुढची पंधरा मिनिटं दोघं एकाच वेळी बोलत होते. मी मधेच एकदा "कलम दोन" म्हणून बघितलं. कोणी लक्ष दिलं नाही. थोरले रडत होते की ओरडत होते ते नीट कळत नव्हतं. धाकट्यांना धाप लागली तेव्हा थोरल्यांनी त्यांची पाठ चोळली, बोलणं न थांबवता. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. तो डोळ्यांवर मी पहिल्यांदाच पाहिला.

शेवटी धाकटे माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, रागावू नका. सही नाही करत आम्ही."

थोरले म्हणाले, "पण हा कागद नेऊ का? यातलं पाचवं फार चांगलंय. 'अवजार वापरून झालं की जागेवर ठेवायचं.' हे मी याला तीस वर्षं सांगतोय. दुकानात लावतो."

"आणि तू आधी वाच," धाकटे म्हणाले.

गेले. खिडकीतून पाहिलं. धाकटे पायडल मारत होते आणि थोरले कॅरिअरवर बसून मोठमोठ्याने रस्ता सांगत होते, जणू दुकान कुठे आहे ते धाकट्यांना माहीतच नाही.

टेबलावर दोन्ही पेनं तशीच पडली होती. साहेब फार नाही बोलले. "भाऊ एकत्र आले, आनंद आहे. पण सह्या झाल्या नाहीत, विदुषी." मी मान हलवली. त्यांचं बरोबर आहे. मला आनंद झालाय आणि रडू येतंय, दोन्ही खरं. दोन वेगळी वाक्यं.

१ मार्च

सकाळी निमूट नमुना सतरा घेतला आणि उतरवायला बसले. "जल, तरु" पर्यंत आले होते. तेवढ्यात मावशी खणाचं कुलूप उघडून आत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "शिक्षा सुरू झाली खरी, पण कागद न बघताच? आपल्या कचेरीत असं होत नाही."

"आणा," साहेब म्हणाले. खुशीत होते. मलाही आत बोलावलं आणि चार पानं मोठ्याने वाचायला घेतली. मध्ये तीनदा श्वास घ्यायला थांबले. तिसऱ्या पानावर मात्र ते अचानक थांबले, श्वासासाठी नाही. मग सावकाश वाचलं :

"सही होवो न होवो, भावांमधला वाद मिटला तर मुलीचं म्हणणं खरं धरायचं."

खालच्या चष्मेवाल्याचा रेडिओ वरपर्यंत ऐकू येत होता.

साहेबांनी मावशींकडे पाहिलं. मावशी टाचण्या डबीत भरत होत्या. "हे कुठून आलं?"

"नमुन्यातून आलं असेल, साहेब. किती जुने नमुने ते. काय काय चिकटलेलं असतं. तृण आहेच की."

"आणि मी यावर सही केली?"

"राजीखुशीने व अक्कलहुशारीने," मावशी म्हणाल्या. "शेवटी तसं लिहिलंय."

साहेबांनी पान उलटून आपली सही पाहिली. मग मला म्हणाले, "तुम्ही तरी वाचलं होतं का?"

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. मी, न वाचता सही केलेली मी! "नाही, साहेब," म्हटलं. "पण मग हे चुकून आलंय. चुकीचा फायदा मी घेणार नाही. सह्या झाल्या नाहीत, तेव्हा मी हरले."

"तू गप्प बस, मुली," मावशी म्हणाल्या. इतक्या जोरात की मी गप्प बसले.

साहेबांना खोकला आला. बराच वेळ आला. त्यात हसू होतं असं मला वाटलं, पण तसं कशाला असेल? मग म्हणाले, "कागद म्हणजे कागद. भाडेकरार तुमचे. खरेदीखत मात्र माझं. माझ्या तृणाला हात लावायचा नाही."

घरी सांगितलं. आईने मशीन थांबवून मला सगळं पुन्हा वदवायला लावलं. न वाचता सही केल्याचंही सांगितलं. बाबांना काय वाटेल? बाबा म्हणाले, "सही तरी चांगली आली का?"

मग मात्र मलाही हसू आलं.

४ मार्च

पहिला भाडेकरार झाला. दीड पान. भाडेकरू आजी होत्या, त्यांनी सगळा परत सांगितला आणि वर एक चूक काढली. छप्पर गळलं तर कोणी दुरुस्त करायचं ते राहून गेलं होतं. अठ्ठेचाळीस वर्षांतली पहिली शंका! साहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मग उत्तर लिहा की. पेढे हवेत का?"

७ मार्च

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ते वाक्य नमुन्यातून आलं असेल तर आणखीही कोणाच्या कागदात शिरलं असेल, आणि त्या बिचाऱ्यांना पत्ताही नसेल. म्हणून जेवणाच्या सुट्टीत नमुने तपासायला घेतले. बत्तीसची मूळ प्रत तीनदा वाचली. त्यात नाही. एक ते एकतीसमध्येही नाही.

त्यात भाऊ आहेत आणि एक मुलगी आहे, तेव्हा मूळ कागद एखाद्या जुन्या वाटणीपत्राचा असावा. बहिणीने भावांवर दावा लावला असेल. पण मग इतकं सोपं कसं? आजूबाजूची वाक्यं नऊ-नऊ ओळींची आहेत आणि मध्ये हे एकटंच आखूड. सहज बोटांवर मोजलं. बरोबर बारा भरले. एका हातात मावलं.

मावशी बघत होत्या. "किती?" त्यांनी विचारलं.

"बारा."

"अगं बाई, हो का?" म्हणाल्या, आणि इतक्या जोराने टाइप करायला लागल्या की खालून चष्मेवाला ओरडला.

उद्या तेहेतीस ते साठ तपासायचे. मावशींना मात्र काही बोलले नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच अशी चूक झाली असेल त्यांच्या हातून. दाखवली तर मनाला लागेल.